विसावी पाची

नोव्हेंबर अर्धा सरला की नागपुरात आमच्या प्रताप नगरच्या चौकात संत्र्यांचे ठेले लागतात आणि माझे हात बिघडतात. दुसरं काही नाही. ठेलेवाला एकेक फळ उचलून तराजूत टाकायला लागला, की माझा उजवा हात आपला आपण पुढे होतो आणि तीन संत्री उचलतो. मागोमाग डावा जातो आणि दोन उचलतो. ठेलेवाला ओरडतो, "काका, छाटू नका ना! सारा माल एकच हाय." त्याला वाटतं, म्हातारा आंबट-गोड निवडतो आहे. मी निवडत नसतो. मी मोजत असतो. छत्तीस वर्षांपूर्वीच्या एका हंगामात माझ्या हातांना लागलेली ही खोड आहे. त्या हंगामात मी जे जे शिकलो, त्यातली एवढी एकच गोष्ट मला धड येते.

हंगाम आंबिया बहराचा, म्हणजे थंडीच्या तोंडाशी येणाऱ्या संत्र्यांचा. ज्यांना बहराबिहरातलं काही कळत नाही त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली आणि साल सोलताना तेलाचा बारीक फवारा डोळ्यांत गेला, की तो हंगाम आला. या दिवसांत काटोलकडून येणाऱ्या एसटीचं दार उघडलं, की आधी वास उतरतो, मग माणसं.

यंदा मात्र वासाच्या आधी आवाज आला.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या गल्लीतून वरात निघाली. वरातीपुढे ट्रक, ट्रकवर दोन माळ्यांइतके उंच स्पीकर. ट्रक आमच्या फाटकाशी आला तेव्हा कपाटातल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना भेटायला लागल्या आणि माझ्या छातीत कोणीतरी दुसरंच हृदय बसवल्यासारखं झालं. मग त्या धडधडीच्या वर एक बाईचा आवाज आला. बाईचा म्हणायचा एवढंच. आधी नळीतून काढलेला, मग इस्त्री केलेला, कुठे सुरकुती म्हणून नाही.

'पयली पाची बापाले, ज्यानं लावलं झाडाले...'

हे गाणं अलीकडे फार चाललं आहे. त्याचा व्हिडिओ मी पाहिला आहे. गाणारी मुलगी नऊवारी नेसून, काळा गॉगल लावून ट्रॅक्टरच्या टपावर उभी आहे. ट्रॅक्टर इतका कोरा, की त्याच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. मागे फेटेवाले आठ जण नाचत आहेत आणि त्यांच्या मागे संत्र्याचा बगीचा आहे. बगीच्यातली काही संत्री दोऱ्यानं बांधलेली आहेत. मी थांबवून, मोठं करून पाहिलं आहे. खाली लिहिलं आहे, 'अस्सल गावरान'.

तर ते ऐकून माझं डोकं फिरलं आणि मी चपला न घालता खाली उतरलो. ट्रकवरच्या डीजेवाल्याला हात करकरून सांगितलं, "या गाण्याची चाल अशी नाहीये!"

"काय म्हन्ता काका?"

"चाल! हे पाचाचं गाणं आहे. तू चारात वाजवून राहिला!"

त्यानं मोठ्या प्रेमानं खाली वाकून माझ्या कानात सांगितलं, "काका, फर्माइश असंन तं मोबाइलवर टाका. नाचाचं असंन तं मधात या."

आणि नवरदेवाच्या कोण्या काकानं मला मधात ओढलं. अस्सल आणि नकली यांवर माझी जी ठाम मतं आहेत ती सर्व बरोबर घेऊन, अनवाणी, मी त्या गाण्यावर चौकापर्यंत नाचलो. हात वर करून. वर गॅलरीत मंगला उभी होती.

मंगला म्हणजे माझी बायको. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आहे. तिच्यापुढे खोटं बोललेलं चालतं, चुकीचं बोललेलं चालत नाही. मी घामाघूम होऊन वर आलो तर म्हणाली, "झालं आंदोलन?"

मी पाणी प्यायलो.

"मी मोजत होते," ती म्हणाली. "या गाण्यात पाच्या सोळाच आहेत. सोळा पंचे ऐंशी. तुम्ही तर लग्न झाल्यापासून सांगताय की ते शंभराचं गाणं होतं. वीस संत्री कुठं गेली?"

मी आणखी पाणी प्यायलो.

"आणि आणखी एक. बाप आहे, भाऊ आहे, मामा आहे. सासूसुद्धा आहे. यात आई कुठाय?"

ते गाणं कोणी बिघडवलं, हे मला पक्कं माहीत होतं. ट्रॅक्टरवाल्या मुलीनं नाही. डीजेवाल्यानंही नाही. त्यांच्या हाती आलं तेव्हा ते आधीच बिघडलेलं होतं. ते काम मी केलं होतं.

त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दोन विषयांत झोपलो होतो. बाबा म्हणाले, "जा, मामाकडे जाऊन संत्र्याच्या पेट्या भर. डोकं नाही चाललं, निदान हात चालतील." काटोलला दिगांबरमामांची संत्र्याची शेड होती. वर टिन, खाली सारवलेली जमीन, मधोमध कंबरेइतका उंच संत्र्यांचा ढीग. सकाळी टिनाच्या भोकांतून उन्हाचे कवडसे त्या ढिगावर पडायचे, तेव्हा फळांमध्ये दिवे लागल्यासारखं दिसायचं. ढिगाभोवती बाया बसायच्या, मोठा, मध्यम, बारीक माल वेगळा करायच्या आणि लाकडी पेटीत भरायच्या. पेटीच्या तळाला धानाचं तणस. पेटी भरली की ती पुढे सरकवायची. पुढे दोन माणसं वरून तणस कोंबून फळ्या ठोकायला बसलेली.

मोजणी हातांनी. उजव्या हातात तीन, डाव्या हातात दोन. आधी तीन सोडायची, मग दोन. पाच संत्र्यांच्या त्या एका उचलीला आमच्या शेडमध्ये पाची म्हणत. वीस पाच्यांचे शंभर, शंभराची एक पेटी. आता दिवसभर एक ते वीस, एक ते वीस असं मोजत बसलं तर माणूस एक तर चुकेल नाहीतर वेडा होईल. म्हणून त्या बाया मोजतच नसत. त्या गात.

एक ओळ म्हणजे एक पाची. वीस ओळींचं गाणं. गाणं संपलं की पेटी भरली.

गाण्याची धनीण अनसूया मावशी. तेव्हा पंचेचाळीस-सेहेचाळीसची असेल. ती माझी मावशी नव्हे. साऱ्या शेडची मावशी, मामासुद्धा तिला मावशीच म्हणत. तिचा आवाज गोड नव्हता. सकाळच्या पहिल्या दोन पेट्यांना तर तो घशातून निघायलाच तयार नसे. तिसऱ्या पेटीपासून त्याला ऊन लागे. जाडाभरडा, कडेला थोडा फाटलेला, पण फाटलेल्या जागेतूनच उजेड यावा तसा. ती ओळ म्हणायची, बाकीच्या झेलायच्या.

'दुसरी पाची भावाले, घेऊन जाईल गावाले.'

'सातवी पाची सासूले, आंबट फोडी तिच्या वाट्याले.'

सातवीला ज्या बाईची सासू शेडमध्ये असे ती मान खाली घालून जरा जास्तच जोरात म्हणायची.

वाद्य एकही नव्हतं. धप-धप-धप, धप-धप. तीन आणि दोन, मग दोन्ही हात रिकामे ढिगाकडे परत जाईपर्यंत एक श्वास. तोच ठेका, तोच ताल. पेटी रिकामी असताना संत्री तणसावर पडत, तेव्हा तो आवाज उशीवर बुक्की मारल्यासारखा मऊ येई. मग फळावर फळ पडायला लागलं की घट्ट होत जाई. गाणं किती झालं हे डोळे मिटूनही कळायचं. पुढून ठोकणाऱ्यांचे हातोडे मध्येच आपली जागा धरायचे. आणि गाणं संपलं, की दर वेळी, दिवसातल्या चाळिसाव्या पेटीलासुद्धा, साऱ्या बाया हसायच्या.

का हसायच्या? मंगलानं त्या वीस संत्र्यांचं विचारेपर्यंत मला वाटत होतं, मला ठाऊक आहे.

मी काटोलला जाताना बॅगेत कपडे कमी आणि कीबोर्ड जास्त नेला होता. बॅटरीवर चालणारा, बर्डीच्या बाजारातल्या दुकानातून आईच्या मागे लागून घेतलेला. त्यात शंभर ताल होते. बटन दाबलं की ताल सुरू, मग आपण एका बोटानं काहीही वाजवलं तरी ऐकणाऱ्याला वाटतं याला येतं. मला येत नव्हतं. पण शेडमध्ये बसल्या बसल्या चौथ्या दिवशी मला साक्षात्कार झाला, की हे गाणं चांगलं आहे, फक्त ते सुधारायला हवं.

"मावशी, तुमचं गाणं टेप करू."

"काहून? आमी काय मरून राहिलो का?"

"तसं नाही. चांगलं करून, म्युझिक लावून करू."

ती आली. मामांचा भाचा म्हणून आली. पेटीवर बसली, मी कीबोर्ड मांडीवर घेतला, बटन दाबलं. ताल धावायला लागला आणि मावशी तीनावर थांबली, दोनावर थांबली.

"मावशी, थांबू नका ना मधात."

"थांबू नको तं संत्रे काय तोंडानं सोडू?"

"आत्ता संत्री नाहीयेत हातात."

"मंग गानं कायचं?"

मी तिला चार मात्रा समजावून सांगितल्या. दोन विषयांत झोपलेल्या माणसानं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुह्या पेटीले सांग थांबाले."

"तिला थांबता येत नाही, मावशी."

"मानूस थांबते, बैल थांबते, एसटी हात केला का थांबते. हे कायची पेटी गा?"

पण आम्ही बसवलं. मी ओळी तासल्या, श्वास काढून टाकले, चार-चार ओळींची कडवी पाडली, मधल्या जागांत माझं एक बोट. शेवटाकडे अडचण यायला लागली. तिथे एका ओळीला मावशी कुठल्याही पेटीला थांबली नसेल इतकी थांबायची, आणि माझा ताल तिला सोडून पार पुढच्या गावाला जायचा. त्यानंतरची ओळ तर बाकीच्यांच्या यमकातच बसेना. तीन दुपारी झटापट केली आणि मग मी संगीत-दिग्दर्शकाला शोभेल असा निर्णय घेतला. चार कडवी पुष्कळ. सोळा ओळी. बाकीच्या उडवा.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "लंगडं करून राहिला गा तू गान्याले." एवढंच म्हणाली आणि म्हटलं तसं गायली.

कॅसेट अशी काही झाली म्हणता! मी ती पंचवीस वेळा ऐकली. मग वाटलं, एकट्यानं ऐकणं बरोबर नाही. पुढच्या सोमवारी मावशी लेकीकडे कोंढाळीला गेली होती. मी शेडमध्ये टेप लावला, मोठ्या आवाजात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बाया आधी लाजल्या, मग खूश झाल्या, मग टेपबरोबर गायला लागल्या. हात भराभर चालायला लागले. मामा गल्ल्यापाशी बसून कौतुकानं म्हणाले, "पोट्ट्यानं काम वाढवलं बा."

वाढणारच. गाणं संपलं की पेटी भरली, ही त्या हातांची वीस-वीस वर्षांची सवय. गाणं संपत होतं, पेट्या पुढे सरकत होत्या. ठोकणाऱ्यांना पेटी जराशी पोकळ वाटली, तर त्यांनी तणस जास्त कोंबलं. त्या दिवशी ट्रकभर माल नागपूरला गेला. प्रत्येक पेटीत ऐंशी संत्री.

दुसऱ्या दिवशी बाजारातून अडत्याचा फोन आला. मामांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला होता, तरी मला शब्द ऐकू आले. "दिगांबरभाऊ, तुमच्याकडं शेकडा केव्हापासून ऐंशीचा झाला?"

मामांनी मला मारलं नाही. त्यांनी मला ट्रकमध्ये बसवलं. दोन दिवस मी नागपूरच्या बाजारात उघड्यावर बसून त्यातली एकेक पेटी उघडली, आणि दुसऱ्या गाडीतला माल घेऊन प्रत्येकीत वीस-वीस संत्री भरली. बातमी माझ्या आधी पोचली होती. हमाल जाता-येता हातातलं काम टाकून थांबायचे. "काय गा गवय्या, एका शंभरात किती असते?" एक जण तर रोज सकाळी येऊन नुसताच "वा, वा!" करून जायचा.

परत आलो तेव्हा मावशी आली होती. रागावली नाही. ढिगापाशी तिच्या शेजारी बोट दाखवून म्हणाली, "बस." माझ्या उजव्या हातात तीन संत्री ठेवली, डाव्यात दोन. "आता म्हन." उरलेला हंगाम मी तिच्या शेजारी बसून पेट्या भरल्या. वीसच्या वीस ओळी मी रोज कित्येकदा म्हटल्या असतील. पण माझं सगळं लक्ष तिसरं संत्रं निसटू नये याकडे असायचं. गाणं हातात राहिलं, डोक्यात चढलंच नाही.

डोक्यात चढली ती कॅसेट. ट्रकवाल्यानं ती मागून नेली, त्याच्याकडून काटोलच्या एका दुकानात गेली, तिथून लग्नाच्या बँडवाल्यांकडे. दोन-तीन वर्षांत सोळा ओळींचं गाणं साऱ्या तालुक्यात झालं, आणि मी ते जिथे तिथे अभिमानानं ऐकत आलो. ऐकता ऐकता बाकीच्या चार ओळींवरून ते असं फिरत गेलं, जसं सारवलेल्या जमिनीवरून ओलं पोतेरं फिरतं. खाली काय होतं ते दिसेना.

त्या संध्याकाळी मी अस्सल गाण्याबद्दल जे काही मनात भाषण करत होतो, ते सारं मंगलाच्या त्या दोन प्रश्नांनी आडवं पडलं. मी प्रयत्न केला. दाढी करताना, अंघोळ करताना, रात्री कूस बदलताना. 'सोळावी पाची येशीले, जो येईल त्या पाव्हन्याले', इथपर्यंत यायचं आणि पुढे माझ्या डोक्यात कीबोर्डचा शेवटचा टणत्कार वाजायचा. मीच वाजवलेला. एकदा तर दाढी करताना मी डीजेवाला ताल गुणगुणताना सापडलो, तेव्हा आरशात बघवेना.

मावशी असली तर ऐंशीच्या पुढे असणार. त्या शेडमधल्या इतर बाया कुठे असतील कोणास ठाऊक. त्या चार ओळी कागदावर नाहीत, टेपवर नाहीत. मी त्या टेपवर येऊ दिल्या नाहीत. मावशीबरोबर त्याही जातील, मागे माझं लंगडं गाणं ट्रॅक्टरवर उभं राहील, आणि लोक म्हणतील अस्सल गावरान. हे मनात आलं तेव्हा मी मंगलाला म्हटलं, "उद्या काटोलला जाऊन येतो."

"जा," ती म्हणाली. "आणि या वेळी चपला घाला."

मामा आता नाहीत. शेड आहे, पण तिच्यात यंत्र बसलं आहे. संत्री पट्ट्यावरून येतात, धुतली जातात, त्यांना चकाकी चढते, लहान-मोठी आपापल्या खाचेतून खाली उतरतात आणि प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये तोलून जातात. मोजत कोणी नाही. यंत्राच्या डोक्यावर एक छोटा स्पीकर लावला आहे. त्यावर कोणतं गाणं चालू होतं ते सांगायला नको. मी पत्ता विचारला आणि पटकन बाहेर पडलो.

मावशी ओसरीत खाटेवर उन्हाला बसली होती. मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली निळ्या कापडाची पट्टी, कोपऱ्यात घरच्या झाडांच्या संत्र्यांचे दोन क्रेट. देह एवढासा झाला होता. तिची सून शोभा हिनं मोठ्यानं सांगितलं, "आत्याबाई, नागपूरचं कोनी आलं हाय."

"कोन व्हय?"

"मी विनू, मावशी. दिगांबरमामांचा भाचा."

तिनं कपाळावर हात धरून माझ्याकडे पाहिलं. "तो बटनाच्या पेटीवाला?"

"हो."

"ज्यानं शंभराचे ऐंशी केले, थो?"

छत्तीस वर्षांत मी नोकरी केली, बढत्या घेतल्या, घर बांधलं. काटोलमध्ये माझी ओळख तीच.

"काहून आला गा इतक्या वर्सानं?"

"गाणं विचारायला आलो. शेवटच्या चार पाच्या."

"काहून? आता थांबता येते का तुह्या पेटीले?"

"ती मोडली, मावशी."

"बरं झालं." मग तिनं डोळे मिटले. "सतरावी..." म्हणाली. ओठ हलले. पुढे काही आलं नाही. "पयलीपासून म्हना लागते," असं म्हणून पहिलीपासून सुरुवात केली, आणि नवव्या पाचीपाशी थांबली. तो तिचा नेहमीचा थांबा नव्हता. ओळ सापडत नाही म्हणून थांबलेल्या माणसाचा चेहरा वेगळा असतो. शोभा हळूच म्हणाली, "दोन वर्सं झाले भाऊ, गायल्याच नाही त्या." मला वाटलं, मी दोन वर्षं उशिरा आलो.

मावशीनं डोळे उघडले ते रागानं. "हात खाली असले तं कसं येईल गा? संत्रे आन नं इकडं."

आम्ही भरलेला क्रेट ओढला, शेजारी एक रिकामा ठेवला. ती खाटेवरून खाली उतरून बसली. मी बसताना माझ्या गुडघ्यांनी साऱ्या ओसरीला कळवलं. तिनं उजवा हात ढिगात घातला. बोटं वाकलेली, गाठी आलेली. दोन संत्री आली. तिसरं घरंगळून गेलं. पुन्हा घातला. पुन्हा दोनच. ती आपल्या हाताकडे अशी बघत राहिली, जशी शेडमधल्या एखाद्या नव्या बाईकडे बघायची.

मग म्हणाली, "माह्या हातात तीन मावत नाही आता. तीन तू घे. दोन मी घेतो."

मी तीन घेतली. सोडली. तिनं दोन सोडली. धप-धप-धप, धप-धप.

'पयली पाची बापाले, ज्यानं लावलं झाडाले.'

आवाज सकाळच्या पहिल्या पेटीचा होता, घशातून निघायला तयार नसलेला. तिसरीला त्याला ऊन लागलं. चौथीला माझ्या हातातून एक संत्रं निसटून खाटेखाली गेलं. "तीन म्हंजे तीन गा! बी.एस्सी. झाला का नाही शेवटी?" "झालो, मावशी, नंतर." "कायची बी.एस्सी.!" सातवीला शोभा तोंडावर पदर धरून हसली. नववी आली आणि गेली, कोणाला कळलंही नाही. प्लॅस्टिकवरचा पोकळ आवाज फळांनी भरत, घट्ट होत चालला. सोळावी झाली. माझ्या डोक्यात टणत्कार वाजायच्या आत मावशीची दोन सुटली आणि हात पुढच्या पाचीला गेले.

'सतरावी पाची गायीले, साल सोलून खायले.'

'अठरावी पाची राघूले, पयला मान त्या चोचीले.'

मग मी तीन सोडली, आणि तिचे हात संत्री घेऊन क्रेटच्या वर तसेच थांबले. खूप वेळ थांबले. याच जागेवर माझा ताल तिला सोडून पुढे गेला होता. या खेपेला पुढे जाणारं कोणी नव्हतं. मी श्वाससुद्धा घेतला नाही.

'एकोनिसावी मायले, जे दिसत नाही डोयाले.'

आणि दोन संत्री इतक्या हळू खाली ठेवली, की आवाज आला नाही.

मंगलाला सापडत नव्हती ती आई इथे होती. गाण्यातल्या लेकीनं साऱ्या गावाला वाटून झाल्यावर तिच्यासाठी जागा ठेवली होती, आणि त्या जागेला मी अडचण म्हणालो होतो.

मी डोळे पुसेपर्यंत मावशीनं ढिगातून मला तीन घ्यायला लावली, स्वतः दोन घेतली, आणि मान वर करून, घसा साफ करून, आधीचं यमक मोडून म्हणाली,

'विसावी पाची माही, कोनाले देत नाही!'

आणि हसली. शोभा हसली. मला आठवलं, टिनाखाली पंधरा-वीस बाया चाळिसाव्या पेटीला का हसायच्या. बाप, भाऊ, मामा, सासू, शेजारीण, पाहुणा, गाय, पोपट, सगळ्यांचं देऊन झाल्यावर एक पाची प्रत्येकीची आपली असायची. तीही पेटीतच जायची म्हणा, फळीखाली, ट्रकमध्ये, नागपूरला. पण गाण्यात ती त्यांची असायची, दिवसातून चाळीस वेळा. मी शेडभर टेप लावला त्या सोमवारी त्यांची तेवढीही राहिली नव्हती. त्या दिवशी गाण्याच्या शेवटी कोणी हसलं नव्हतं, हेही मला त्या ओसरीत आठवलं.

मोबाइल माझ्या खिशातच राहिला. हातात तीन संत्री असली की बटन दाबता येत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो आहे. ज्यांना हे गाणं नाचायला हवं असेल त्यांनी जरूर नाचावं; मी कोण सांगणारा, मी चौकापर्यंत नाचलो आहे. फक्त पाच्या वीस म्हणाव्यात. एकोणिसाव्याला थांबावं.

निघताना मी वाकून पाया पडलो. शेवटची पाची मावशीनं क्रेटमध्ये टाकलीच नव्हती. माझी तीनसुद्धा मागून घेऊन ओच्यात बांधून बसली होती. काटोलला कोणाच्या घरून रिकाम्या हातानं कधी परतलो नव्हतो, तेव्हा सवयीनं माझा हात पुढे झाला.

तिनं ओचा आवळून धरला. "आताच सांगतलं नं गा तुले?"

शोभा ओशाळून पिशवी भरायला उठली. मीच नको म्हटलं.

घरी मंगलानं दार उघडलं, माझे हात पाहिले. "काटोलहून आलात आणि संत्री नाहीत?"

"नाही दिली तिनं."

मी तिला स्वयंपाकघरातच पहिल्यापासून गाऊन दाखवलं, टोपलीतले कांदे उचलून, तीन आणि दोन. ती बोटांवर मोजत होती. एकोणिसावीला तिची बोटं थांबली. विसावी झाल्यावर म्हणाली, "वीस पंचे शंभर. बरोबर," आणि गॅसकडे वळून बराच वेळ एकच भांडं पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं चौकातून संत्री आणली. टोपलीत भरली. दुपारी चहाची पत्ती शोधताना मला दिसलं, डब्यांच्या मागे, भिंतीला लावून, पाच संत्री वेगळी ठेवलेली. मोठी, घट्ट सालीची, निवडून घेतलेली.

माझा उजवा हात आपला आपण पुढे झाला. मी तो मागे घेतला.